दुकान बंद करायचा मान

मल्लेश्वरमातलं उपेंद्ररावाचं रेकॉर्डचं दुकान बंद होणार, ही बातमी येसाजीला कळली तेव्हा त्यानं समोरच्या हॉटेलातनं एक बाय-टू कॉफी मागवली आणि दोन्ही अर्धे पेले एकट्यानंच रिचवले. इतका आनंद त्याला थोरल्या लेकाच्या बारशालाही झाला नव्हता.

येसाजी एकाहत्तरचा. निपाणीपलीकडच्या तंबाखूच्या गावचा गडी. चोविसाव्या वर्षी बेंगळूरला आला तो एका लाउडस्पीकरवाल्याच्या हाताखाली. लग्नामुंजीत झाडावर कर्णे बांधता बांधता त्याला रेकॉर्डींची चट लागली, आणि पाच-सहा वर्षांनी त्यानं चामराजपेटेत दहा बाय बाराच्या गाळ्यात स्वतःचं दुकान टाकलं. नाव ठेवलं ‘जोतिबा रेकॉर्ड्स’. इथल्या लोकांनी आठवड्याभरात त्याचं ‘ज्योती’ करून टाकलं. दोन वर्षं येसाजी एकेकाशी भांडला, मग नाद सोडला. भाषा मात्र सोडली नाही. कानडी पाण्यासारखं बोलायचा, पण घरात, हिशेबात आणि रागात निपाणीची मराठीच. पुण्याकडनं आलेली कॉम्प्युटरवाली पोरं त्याच्या बोलण्याला हसली की म्हणायचा, “हसा. तुमची मराठी कपाटातली हाय, आमची चुलीवरची.”

आणि उपेंद्रराव? तो बेंगळूरातल्याच जुन्या मराठी घरातला. तीन पिढ्या इथंच गेलेल्या. बोलण्यात निम्मं कानडी, ज्याला त्याला अण्णा-अक्का, कपाळावर बारीक गंध, आणि आवाज असा की शिवी दिली तरी माणसानं थँक्यू म्हणावं. दुकानही तसंच. गायक यायचे, प्राध्यापक यायचे, रेशमी साड्यांतल्या बाया यायच्या. येसाजीकडं रिक्षावाले, शिंपी, बँडवाले आणि भजनी मंडळी. माल म्हणाल तर येसाजीकडं तसूभर कमी नव्हता. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून तो सांगायचा, ह्या घरात तिसरं गाणं जास्त वाजलंय. जिथं सुई जास्त फिरते तिथली चमक उतरते. ही विद्या उपेंद्ररावाला येत नव्हती. पण ती कुणी विचारतही नव्हतं, हेच तर दुखणं.

पुढं उपेंद्ररावानं दुकानात काचेची खोली बांधली. गिऱ्हाइकानं आत जायचं, दार ओढायचं, कानाला यंत्र लावायचं, ऐकायचं, आवडली तर घ्यायची. सगळ्या शहरात बोलबाला झाला. येसाजी तोंडाला रुमाल बांधून बघून आला.

“काचंच्या पेटीत माणसं उभी करतोय,” रात्री त्यानं बायकोला, सकवारबाईला सांगितलं. “कोंबड्यांच्या दुकानात असत्यात तशी. डोळं मिटून.”

“मग तुम्ही बी करा की एक पेटी.”

त्यानं आठ दिवस दुकानाची मापं काढली. पेटी बसत होती. फक्त ती बसल्यावर मालकाला बाहेर रस्त्यावर उभं राहावं लागलं असतं.

हे असं चाळीस वर्षं चाललं. कॅसेटी आल्या, सीड्या आल्या, मग फोनातच सगळं येऊन बसलं. शहरातली रेकॉर्डची दुकानं एकेक करून पडली. कुठं मोबाईलची कव्हरं लागली, कुठं कुलूप, कुठं पिझ्झा. दरवेळी एखादं पडलं की बाकीचे हळहळायचे आणि येसाजी मनात म्हणायचा, उपेंद्र्याचं कवा?

तर ते आता पडलं. भाड्याची जागा. मालकाला तिथं केक-कॉफीचं दुकान हवं होतं.

शेवटच्या दिवशी येसाजी तिथं गेला. तोंड कसं पाडायचं ह्याची बसमध्ये तयारी करून गेला. आणि बघतो तर फुटपाथ भरून माणूस! उपेंद्ररावाच्या गळ्यात कानाला लागेल इतका जाड हार. एक बाई पदरानं डोळे पुसत होती. कुणी पेढे वाटत होतं. एक म्हातारा गिऱ्हाईक तर काउंटरच्या फळीचा ढलपा आठवण म्हणून खिशात घालून गेला. उपेंद्रराव पांढऱ्या जुब्ब्यात हात जोडून उभा, आणि जो येईल तो त्याला मिठी मारतोय.

येसाजीला वाटलं होतं, आज ह्याची तिरडी उठणार. इथं तर वरात निघाली होती.

तरीही त्यानं ते गिळलं असतं. पण दोन दिवसांनी शंतनु आला. शंतनु पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, दर शनिवारी दीड तास बसमध्ये घालवून येसाजीकडं यायचा आणि अर्धा दिवस रेकॉर्डी उलथीपालथी करायचा. त्यानं फोन पुढं धरला.

“काका, हे वाचलंत का? संयोगिता म्हणून एक आहे, ती जुन्या दुकानांवर लिहिते. मस्त व्हायरल झालंय.”

“काय लिवलंय?”

“हेडिंगच बघा ना. ‘जुन्या बेंगळूरातलं शेवटचं रेकॉर्ड दुकान बंद’.”

येसाजीनं चष्मा पुसून परत वाचायला लावलं.

“शेवटचं?”

“हो.”

“मग आत्ता तू कुठं बसलायस?”

शंतनुनं इकडंतिकडं बघितलं. “टेक्निकली... शेवटच्या नंतरच्या दुकानात.”

त्या रात्री येसाजीला जेवण गेलं नाही. दुकान चालू होतं, शटर रोज दहाला वर जात होतं, आणि तरी जगाच्या लेखी तो नव्हताच. उपेंद्ररावानं दुकान चालवायचा मान चाळीस वर्षं खाल्ला, आता बंद करायचाही मान तोच घेऊन गेला. हे काही सोसण्यासारखं नव्हतं.

सकाळी सकवारबाई भाकरी थापत होती. येसाजी उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, “मी बी दुकान बंद करणार.”

“का? गुडघं धरलं?”

“गुडघ्याचा काय संबंध?”

“मग का?”

“बास झालं. लई वर्षं केलं.”

सकवारबाईनं भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले आणि नवऱ्याकडं नीट बघितलं. “त्या मल्लेश्वरमवाल्याला हार घातला म्हणून व्हय?”

येसाजीनं मिशीवरनं हात फिरवला.

“हार पायजे तर मी घालते. तेवढ्यापायी चांगलं दुकान कशाला मोडताय?”

“तुझ्या हाराचा फोटू कोण काढणार?”

“अगं आई गं,” सकवारबाई म्हणाली. “एकाहत्तरीत नवरा नवरीसारखा रुसलाय माझा.”

पण येसाजी ठरवून बसला होता. त्यानं दुकानावर फळा लावला. कानडीत, इंग्रजीत आणि तितक्याच मोठ्या अक्षरात मराठीत: येत्या रविवारी शेवटचा दिवस. शंतनुकडनं त्या संयोगिताचा नंबर मिळवला आणि तिला बोलावलं. भाड्यानं वीस खुर्च्या सांगितल्या, कारण उपेंद्ररावाकडं लोक उभे होते. आणि शेवटी, मुंजीचं निमंत्रण द्यावं तसा, उपेंद्ररावालाच फोन लावला.

“यायचं बरं का उपेंद्रराव. तुमच्यासारखं न्हाई व्हायचं, पण आमचं बी आपलं स्वल्प काय तरी.”

“अय्यो अण्णा, तुम्ही पण?” पलीकडनं तो लोण्यासारखा आवाज. “येतो की. सरी, बरं, लवकरच येतो, हाताखाली लागंल कोण तरी.”

‘हाताखाली’ हा शब्द येसाजीला फार आवडला.

रविवार उजाडला. येसाजीनं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, मिशीला तेल लावलं. सकवारबाईनं डबाभर चिरमुऱ्याचा चिवडा केला होता. साडेनऊला दोघं कोपऱ्यावर आली आणि येसाजी जागच्या जागी थांबला. दुकानाच्या बंद शटरपासनं ते पलीकडच्या शिंप्याच्या दारापर्यंत रांग लागली होती. आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी.

“हार,” येसाजी पुटपुटला. “सगळ्यांनी हार आणल्यात.”

“एवढं हार घालून मान मोडंल तुमची,” सकवारबाई म्हणाली. पण तीही जरा चकित झाली होती.

येसाजी सगळ्यांना हात जोडत, पिशव्या न बघितल्यासारखं करत दुकानाशी गेला, शटर वर केलं, आणि काउंटरच्या पुढं मान किंचित वाकवून उभा राहिला. हार घालणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

रांगेत पहिला होता यल्लाप्पा, जन्मभर रिक्षा चालवलेला म्हातारा. त्यानं पिशवीत हात घातला आणि सात रेकॉर्डी काउंटरवर ठेवल्या.

“बदलून द्या अण्णा. आज शेवटचा दिवस न्हवं?”

येसाजीची मान तशीच वाकलेली राहिली.

आता ही काय भानगड, ते सांगायला पाहिजे. उपेंद्ररावानं काचेची पेटी केली, तेव्हा तिला उत्तर म्हणून येसाजीनं एक रबरी शिक्का करून घेतला होता. विकलेल्या प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरावर मागच्या बाजूला जांभळ्या शाईत तो मारायचा: ‘केव्हाही आणा, एकीला एक बदलून मिळेल.’ उपेंद्रराव काय, दहा मिनिटं ऐकू देतो. आम्ही घरी नेऊन जन्मभर ऐकू देतो, असा त्यातला ताठा. सुरुवातीला लोक बदलून न्यायचेही. मग घराघरातल्या मशिनी बिघडल्या, रेकॉर्डी माळ्यावर गेल्या, आणि शिक्का मारणारासुद्धा शिक्का विसरून गेला. लोक विसरले नव्हते. फळ्यावर ‘शेवटचा दिवस’ वाचून सगळ्या पेटेत एकच अर्थ निघाला होता: बदलायचा शेवटचा दिवस. सगळे माळे झाडून निघाले होते.

“ह्या आवडल्या न्हाईत तुला?” येसाजीनं विचारलं. “अडतीस वर्षांनी?”

“आवडल्या की. पण आता घरात सगळ्यांच्या पाठ झाल्यात. दुसऱ्या द्या.”

मागनं शिवलीला नावाची बाई पुढं घुसली. तिच्या सासूच्या पाच रेकॉर्डी, एक सनईची, बाकी भजनांच्या, आणि त्यातल्या एकीचे दोन तुकडे.

“ही मोडकी हाय बाई.”

“मोडकी चालत नाही असं शिक्क्यात लिवलंय कुठं? दाखवा.”

लिहिलं नव्हतं. चांगल्या रेकॉर्डी कप्प्यातनं बाहेर आणि खरखरीत रेकॉर्डी आत, असा उलटा धंदा सुरू झाला. अर्ध्या तासात दोन भांडणं झाली. एकाच तबल्याच्या रेकॉर्डवर तिघांनी हात ठेवला. संयोगिता येऊन पोचली होती, ती फोन वर धरून सगळं टिपत होती. सदऱ्याची इस्त्री मोडली, मिशीचं तेल ओघळलं, आणि येसाजी ओरडत होता, “एकेकानं या! शिस्त न्हाई का? हार तर एकानं बी आणला न्हाई, भिकारड्यांनो!”

नेमका त्या वेळी उपेंद्रराव आला. त्यानं एक नजर टाकली, जुब्ब्याच्या बाह्या वर केल्या आणि भाड्याच्या खुर्चीवर चढून उभा राहिला.

“अक्का, अण्णा, स्वल्प इकडं ऐका.”

आणि ऐकलं लोकांनी! चाळीस वर्षं ह्याच दुकानातली गिऱ्हाइकं, पण गप्प झाली ती त्याच्या आवाजाला. उपेंद्ररावानं सांगितलं, दुकानातलं काही घेऊ नका. खुर्च्या दारापुढं गोल मांडा, आपल्या रेकॉर्डी मांडीवर घ्या, आणि एकमेकांतच बदला. “येसाजीअण्णा एकेक मिनिट वाजवून दाखवतील. ज्याला आवडंल त्यानं हात वर करायचा. सरी?”

“सरी!” सगळे ओरडले.

झालं. येसाजी मशिनीपाशी बसला. सुई ठेव, सुई उचल, पुसून घे, दुसरी लाव. लाउडस्पीकरवाल्याकडं चोविसाव्या वर्षी जे काम होतं, तेच. आणि तिकडं उपेंद्रराव गोलात हिंडत होता. “यल्लाप्पाअण्णा, तुम्हाला भजन आवडंल बघा, वय झालं आता. अक्का, तुमची ती सनई ह्या बँडवाल्यांना द्या, त्यांच्याकडची लावणी घ्या, लाजू नका.” हशा पिकला. शिवलीला लाजली आणि तिनं लावणी घेतली. मोडक्या रेकॉर्डलासुद्धा एकानं घर दिलं, भिंतीवर टांगायला. दीड तासात प्रत्येकजण दुसऱ्याची रेकॉर्ड छातीशी धरून खूश होता. माणसं चिवडा खात होती, एकमेकांचे नंबर घेत होती. एवढी माणसं जोतिबा रेकॉर्ड्समध्ये कधीच हसली नव्हती.

येसाजी सुईवरनं तिरक्या नजरेनं बघत होता.

तेवढ्यात शंतनु आला, धापा टाकत. “सॉरी काका, बस लेट झाली.” त्याच्या हातात मार्केटातनं आणलेला शेवंतीचा हार होता. एकच, पण चांगला घसघशीत. येसाजी लगेच उठणार, इतक्यात सुई घसरून मशिनीखाली पडली. ती उचलायला तो काउंटरखाली वाकला. वर आला तेव्हा टाळ्या वाजत होत्या. लोकांनी शंतनुच्या हातातनं हार घेऊन उपेंद्ररावाच्या गळ्यात घातला होता.

उपेंद्रराव ओशाळला, हे खरं. त्यानं घाईनं हार काढला आणि दोन्ही हातांत धरून येसाजीपुढं आला. “अण्णा, हा तुमचा. वाका बघू.”

“उतरलेला हार देवाला बी चालत न्हाई,” येसाजी म्हणाला.

संयोगिता पुढं झाली. “सर, दोन शब्द बोला ना. जोतिबा रेकॉर्ड्सच्या शेवटच्या दिवसाबद्दल.” आणि तिनं फोन धरला तो उपेंद्ररावासमोर.

उपेंद्ररावानं घसा साफ केला. “काय सांगू? हे सगळं बघताना मला आमच्या दुकानाचा शेवटचा दिवस आठवला...” त्याचे डोळे भरले. ते बघून शिवलीलाचे भरले. यल्लाप्पानं नाक पुसलं. गोल खुर्च्यांवरची सगळी माणसं हळूहळू मान हलवायला लागली.

येसाजीला लख्ख दिसलं काय चाललंय ते. दुकान माझं बंद होतंय, आणि रडत्यात ह्याच्या दुकानासाठी. एकदा बंद झालं, पोटभर हार-पेढे खाल्ले. आता माझं बंद करून हा परत तोच मान घेणार. एका माणसाचं दुकान दोन-दोनदा बंद होतंय आणि माझं एकदाही नाही!

तो काउंटरखालनं ओणवा होऊन बाहेर आला, गर्दी सारून दारापाशी गेला, आणि फळा खिळ्यासकट उपटला.

“थांबा,” तो म्हणाला. “रडू नका कुणी. दुकान चालू हाय.”

सगळे बघायला लागले.

“पण आजोबा,” संयोगिता म्हणाली, “मी अर्धं लिहून पाठवलंय!”

“मग अर्धंच छापा.”

“आणि मग आजचं हे सगळं काय होतं?”

येसाजीनं क्षणभर विचार केला. “अदलाबदल. आमच्याकडं दर चाळीस वर्षांनी असतीया.”

सकवारबाई चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन इतकी हसली की तिला ठसका लागला.

माणसं पांगली. जरा नाराज होऊन, कारण रडायला बसलेल्या माणसाला मधनंच उठवलं की बरं वाटत नाही. उपेंद्ररावानं परत दिलेला हार घेऊन शंतनु काय करावं न कळून तसाच बसला होता. शेवटी सकवारबाईनं तो त्याच्याकडनं घेऊन मशिनीला घातला. उपेंद्रराव एकटा मागं राहून खुर्च्या एकात एक घालत होता.

“बरं केलंत अण्णा,” तो म्हणाला. “मला विचारा बंद करून काय होतं ते. पहिल्या आठवड्यात फोन येतात. दुसऱ्यात दोन येतात. आता मी सकाळी दहाला जुब्बा घालून घरात बसतो. सून विचारती, मामंजी, कुठं निघालाय?”

येसाजीला हे ऐकून वाईट वाटायला पाहिजे होतं. तेही वाटलं, पण नंतर. आधी बरं वाटलं.

सोमवारी दहाला त्यानं शटर वर केलं. अकरापर्यंत कुणी आलं नाही, ते रोजचंच. साडेअकराला दारात सावली पडली. उपेंद्रराव. इस्त्रीचा जुब्बा, गंध. तो आपल्या दुकानातल्या सवयीनं काउंटरचं फळकूट उचलून आत यायला लागला.

“तिकडनंच,” येसाजी म्हणाला. “गिऱ्हाईक त्या बाजूला उभारतं.”

उपेंद्रराव मागं सरकला आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला उभा राहिला. जरा वेळ त्याला हात कुठं ठेवावेत ते कळेना. मग त्यानं एक हार्मोनियमची रेकॉर्ड विचारली, निळ्या कव्हरातली. त्याच्या दुकानातली शेवटच्या दिवशी कुणीतरी घेऊन गेलं होतं, आणि आता घरात तीच ऐकावीशी वाटत होती.

येसाजीकडं ती होती. वरनं दुसऱ्या कप्प्यात, डावीकडनं चौथी.

“आमच्याकडं न्हाई,” तो म्हणाला. “दुसऱ्या दुकानात बघा.”

उपेंद्ररावानं रस्त्याकडं बघितलं, मग येसाजीकडं.

“दुसरं दुकान कुठंय आता अण्णा?”

“काय म्हणालासा? मशिनीच्या आवाजात ऐकू आलं न्हाई.”

मशीन बंद होती. उपेंद्ररावालाही ते दिसत होतं. पण तो जरा मोठ्यानं, शब्द सोडवून म्हणाला, “दुसरं दुकानच राहिलं नाही म्हटलं. तुमचंच एक आहे.”

येसाजीनं मान डोलावली. मग तो सावकाश उठला, स्टूल ओढलं, चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि सगळ्यात खालच्या कप्प्यापासनं शोधायला सुरुवात केली.